आत आलेला हात

सॉफ्टबॉलच्या मैदानावर पंचाला जवळपास प्रत्येकाचं काहीतरी करता येतं. बॅटरला आउट देता येतं, पिचरचा पाय चुकला तर चेंडू बेकायदा ठरवता येतो, कोचला समज देता येते, फारच झालं तर बाहेर काढता येतं. प्रेक्षकाला मात्र आउट देता येत नाही. त्याचं नाव स्कोअरशीटवर नसतं, त्याची पाळी येत नाही, त्याच्या खात्यात ना रन ना स्ट्राइक. तरी कुंपणावरून आत आलेल्या त्याच्या एका हाताने इनिंग फिरते, आणि त्याची किंमत भलत्याच कुणाला तरी मोजावी लागते. प्रेक्षकाने फील्डरचा झेल घालवला, तर आउट होते बॅटर. तिने बिचारीने फक्त चेंडू मारलेला असतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं वाटतं. बॅटरचे आईवडील तर हमखास तसंच म्हणतात. पण या नियमाला शिक्षा करायचीच नाहीये. तो हात मध्ये आला नसता तर जे झालं असतं तेच झालं असं धरायचं आणि खेळ तिथून पुढे न्यायचा, एवढंच त्याचं म्हणणं. झेल पकडला गेलाच असता, तर बॅटर आउट झालीच असती. तिच्याकडून काही काढून घेतलेलं नाही. फुकट मिळू पाहणारं थांबवलंय, इतकंच.

ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं, पंचाकडून केवढं मोठं मागणं आहे हे. माझे बाकीचे निर्णय घडलेल्या गोष्टीवर असतात. पाय बेसला आधी लागला की चेंडू ग्लव्हमध्ये आधी आला, चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर. इथे न घडलेल्या गोष्टीवर निर्णय द्यायचा असतो. ऑब्स्ट्रक्शनचा निर्णय तसा याच जातीचा. फील्डरने रनरची वाट अडवली तर ती कुठवर पोचली असती हे तिथेही ठरवावं लागतं. पण तिथे मी डावा हात आडवा धरते आणि खेळ चालूच राहतो. रनर किती जोरात पळते, थ्रो कुठून येतो, सगळं डोळ्यांसमोर उलगडतं. प्रेक्षकाच्या हस्तक्षेपात चेंडू त्या क्षणीच मरतो. हात लागला, दोन्ही हात वर करून ‘डेड बॉल’ म्हटलं, की पुढचं सगळं माझ्या डोक्यात.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय, की या निर्णयाचा सगळा माल हात लागण्याच्या आधीच गोळा करून ठेवावा लागतो. नंतर मिळतो तो नुसता आरडाओरडा.

मुळात रेषा. प्रेक्षक आत आला की फील्डर बाहेर गेली, हा पहिला प्रश्न, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारायचाच नाही. प्रेक्षकाने हात मैदानाच्या बाजूला काढून झेल अडवला तर हस्तक्षेप. फील्डरनेच कुंपणावरून, दोरावरून पलीकडे हात घातला असेल, तर ती तिची जोखीम. पलीकडच्या माणसाने चेंडू पकडला, तिच्या ग्लव्हवर आपटला, दचकून उठून उभा राहिला, काहीही केलं तरी हस्तक्षेप नाही. ती जागा त्याची आहे. सॉफ्टबॉलची पंचाईत अशी, की पुष्कळ मैदानांना बाजूला भिंतच नसते. चुन्याची एक रेघ, नाहीतर दोर, आणि त्याला खेटून घडीच्या खुर्च्या. मग त्या रेघेवरून थेट वर एक न दिसणारी भिंत उभी आहे असं मनाशी धरावं लागतं आणि हात त्या भिंतीच्या कुठल्या अंगाला होता ते सांगावं लागतं. हात हलता, ग्लव्ह हलता, चेंडू वरून येणारा.

हे दिसायला एकच जागा आहे. रेघेच्या लांबीत उभं राहून, रेघेवरून बघायचं. दोन पंचांच्या सामन्यात फाउल लाइनच्या (फटका वैध ठरायला ज्याच्या आत पडावा लागतो त्या रेषेच्या) बाहेर उडालेला उंच चेंडू बहुतेक वेळा प्लेटच्या, म्हणजे बॅटरमागे उभ्या असलेल्या पंचाकडे येतो. मास्क काढायचा, कॅचरला वाट द्यायची आणि धावायचं. धावायचं ते चेंडूच्या दिशेने नाही, कोनाच्या दिशेने. चेंडूपासून वीस पावलं लांब, पण रेघ डोळ्यासमोर सरळ दिसेल अशा जागी असलेली पंच ही पाच पावलांवरून समोरासमोर बघणाऱ्या पंचापेक्षा जास्त बघते. समोरून हात आणि ग्लव्ह एकमेकांवर दिसतात. कोण कुणाच्या पुढे, ते कळत नाही. आणि वर चेंडूकडे बघत धावायचा मोह टाळायचा. चेंडू कुठे पडणार ते फील्डर सांगते. तिचे पाय मंदावले, खांदे वळले, ग्लव्ह वर गेला, की समजावं आता इथेच. त्या क्षणी आपण थांबलेलं असावं. पळता पळता बघितलेली रेघ हलते.

बेसबॉलमध्ये यावरून झालेल्या दोन-तीन भांडणांकडे मी पुन्हा पुन्हा जाते. नियमाचं मूळ सूत्र तिथेही तेच आहे आणि तिथे कॅमेरे होते.

९ ऑक्टोबर १९९६, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, यांकी स्टेडियम. आठव्या इनिंगमध्ये पाहुणा संघ ओरिओल्स यांकीजविरुद्ध ४-३ ने पुढे. यांकीजच्या डेरेक जीटरने उजव्या बाजूला उंच चेंडू मारला, ओरिओल्सचा टोनी टॅरॅस्को भिंतीला पाठ लावून उभा, आणि वरून एका बारा वर्षांच्या मुलाचा ग्लव्ह खाली आला. चेंडू प्रेक्षकांत गेला. पंच रिच गार्सिया यांनी होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार गेल्याचा रन दिला. बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये यांकीजनी सामना ५-४ ने जिंकला. सामन्यानंतर चित्रफीत पाहून गार्सिया यांनी मान्य केलं, की प्रेक्षकाचा हस्तक्षेप होता. पण टॅरॅस्कोने तो झेल घेतला नसताच, हे त्यांचं मत कायम राहिलं.

लोक या गोष्टीत त्या मुलाबद्दल बोलतात. मला रस आहे तो गार्सियांच्या उत्तराच्या दोन तुकड्यांत. हात आत आला का? आला. झेल झाला असता का? नाही. म्हणजे होमरनही नाही आणि आउटही नाही. चेंडू भिंतीला लागून खाली पडला असता, मग बॅटर कुठवर पोचला असता, तिथे त्याला ठेवायचं. बहुधा दुसरा बेस. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे तिसरं उत्तर कधीच नको असतं. एकीला होमरन हवा, दुसरीला आउट. पण या नियमाखाली योग्य निर्णय पुष्कळदा असा मधलाच असतो, दोन्ही डगआउट (संघांचे बाक) नाराज करणारा. ओरिओल्सनी रीतसर निषेध नोंदवला. तो फेटाळला गेला, कारण हा पंचाच्या नजरेचा निर्णय होता, नियम चुकीचा लावल्याचा मामला नव्हता. हा फरक पुढे परत लागणार आहे.

दुसरं भांडण १४ ऑक्टोबर २००३ चं. रिग्ली फील्ड, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, यजमान शिकागो कब्ज मार्लिन्सविरुद्ध ३-० ने पुढे, वर्ल्ड सिरीजला (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला) पोचायला पाच आउट कमी. मार्लिन्सच्या लुइस कॅस्टियोचा फाउल डाव्या बाजूला उडाला, कब्जचा मॉइझेस अलू कठड्याशी उडी मारून पोचला, आणि तिथल्या एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. पंच माइक एव्हरिट यांनी हस्तक्षेप दिला नाही. चेंडू कठड्याची रेघ ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला गेला होता. नियमाने निर्णय बरोबर होता. मार्लिन्सनी त्याच इनिंगमध्ये आठ रन काढले. त्यात कब्जच्या शॉर्टस्टॉपच्या हातून सुटलेला, जमिनीवरून आलेला एक साधा चेंडूही होता. पण राग सगळा त्या एका माणसावर निघाला, आणि त्याला पहाऱ्यात बाहेर न्यावं लागलं. पुढे २०१६ मध्ये कब्ज वर्ल्ड सिरीज जिंकले आणि २०१७ मध्ये क्लबने त्याला विजेत्यांची अंगठी दिली. चांगलं केलं. पण तेरा-चौदा वर्षं मध्ये गेली होतीच.

यातून मी माझ्यापुरतं एक घेतलंय. हस्तक्षेप नाही असं ठरलं, तरी ते ठळकपणे दाखवायचं. दोन्ही हात आडवे पसरून, मोठ्याने, ‘नाही, काही नाही’. नुसतं गप्प राहिलं की फील्डर, कोच, प्रेक्षक सगळ्यांना वाटतं, पंचाने बघितलंच नाही. मग ते स्वतःचा न्याय करायला लागतात, आणि तो करायला त्यांना समोर माणूस लागतो. निर्णय दिला आहे हे दिसलं तर निदान शिव्या माझ्याकडे येतात. त्या घ्यायला मी तिथे आहेच.

तिसरं उदाहरण २०१८ चं. १७ ऑक्टोबर, ह्यूस्टन, होजे अल्टुव्हेचा उजव्या बाजूचा उंच फटका, मूकी बेट्स भिंतीशी उडी घेतोय, वर प्रेक्षकांचे हात. जो वेस्ट यांनी हस्तक्षेप म्हणून आउट दिला. व्हिडिओ तपासला, तर नेमक्या भिंतीच्या रेघेवरून बघणाऱ्या कॅमेऱ्यापुढे एक सुरक्षारक्षक आलेला! पुरेसा पुरावा नाही, म्हणून मूळ निर्णय कायम. एवढे कॅमेरे असून शेवटी प्रश्न तोच, रेघेवर कोण उभं होतं. (याच बेट्सच्या ग्लव्हमधून २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोघा प्रेक्षकांनी मनगट धरून चेंडू उपटून काढला. त्याला कोन लागला नाही. बॅटर आउट, ते दोघे बाहेर.)

आमच्या खेळात बहुतेक मैदानांवर एकही कॅमेरा नसतो. आणि सगळं जवळजवळ असतं. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर, सॉफ्टबॉलमध्ये १८.२९. वेगवान मुलगी हे अंतर तीन सेकंदांच्या आसपास कापते. म्हणजे ‘डेड बॉल’ म्हणायला मी एक सेकंद जरी रेंगाळले, तरी रनर बेसच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पुढे गेलेली असते आणि चित्र बदललेलं असतं. म्हणून हात वर जाताच मी रनर कुठे आहेत त्यांचा फोटो मनात काढते. रनर बघायचं काम खरं तर बेसवरच्या पंचाचं, पण दोघींनी बघितलेलं बरं.

रनरना ठेवायचं कुठे, यावर सगळ्यात जास्त वाद होतात, आउटवर नाही. समजा तिसऱ्या बेसवर रनर आहे, एक आउट आहे, डाव्या फाउल लाइनबाहेर खोलवर उंच फाउल उडालाय. लेफ्ट फील्डर पाठमोरी पळत पोचली, आणि खुर्चीतल्या माणसाने दोराच्या आत हात घालून चेंडू हिसकावला. बॅटर आउट. तिसऱ्या बेसवरची मुलगी? झेल झाला असता तर टॅग करून, म्हणजे झेलानंतर बेसवरून पाय उचलून, तिने पळ काढला असता. फील्डर पाठमोरी, प्लेटपासून लांब, वळून थ्रो करायलाच तिला दोन सेकंद गेले असते. मी रन देते. फील्डिंग करणाऱ्या संघाचा कोच धावत येतो, ‘मॅडम, हस्तक्षेप झाला आमच्यावर आणि रन त्यांना?’ त्याचं बरोबरच वाटतं ऐकायला. पण झेल धरायचा तर पूर्ण धरायचा, त्याच्या मागून जे आलं असतं तेही धरायचं. तोच चेंडू तिसऱ्या बेसच्या मागे दहा पावलांवर असता आणि फील्डर प्लेटकडे तोंड करून उभी असती, तर रनर जागच्या जागी.

आता जमिनीवरचा चेंडू. फेअर (वैध) फटका उजव्या फाउल लाइनच्या आतून घरंगळतोय आणि एक छोटं पोरगं आत येऊन तो उचलतं, वर अभिमानाने मला दाखवतं. कोच दोघेही एका सुरात ओरडतात, ‘दोन बेस!’ नाही. चेंडू स्वतःहून मैदानाबाहेर गेला असता, टप्पा घेऊन कुंपणापलीकडे किंवा दोराखालून, तर दोन बेस, पिचच्या वेळी रनर जिथे होत्या तिथून. थ्रो बाहेर गेला तर दोन बेस, पण मोजायचे थ्रो हातातून सुटला त्या क्षणापासून. आणि प्रेक्षकाने आत येऊन उचलला तर ठरावीक आकडाच नाही. पंचाच्या मते त्या जिथवर पोचल्या असत्या तिथवर. तीन बेस असू शकतात, एकच असू शकतो. तीन प्रसंग, तीन हिशेब, आणि ओरड मात्र एकच.

इथे तो निषेधाचा फरक येतो. ‘माझ्या मते ती तिसऱ्या बेसवर पोचली असती’ असं मी म्हटलं, तर ते माझ्या नजरेचं मत झालं, त्यावर निषेध चालत नाही. ‘नियमाने दोन बेस’ असं म्हटलं आणि नियम तसा नसेल, तर कोचला लगेच रीतसर निषेध करता येतो आणि तो जिंकतोही. निर्णय दोन्हीकडे तोच असेल कदाचित. म्हणून कोच जवळ आला की मी एक वाक्य बोलते. हात कुठे होता, आणि माझ्या मते काय झालं असतं. तिसरं काही बोलायचं नाही. जास्त बोलणारा पंच शेवटी स्वतःच्याच तोंडाने निषेधाचा मसुदा लिहून देतो. शिवाय वेगवेगळ्या संघटनांच्या नियमपुस्तिकांत या कलमाची शब्दरचना सारखी नसते, तेव्हा सामना ज्या पुस्तिकेवर चाललाय तीच आदल्या रात्री काढून वाचावी.

आणखी एक घोळ, प्रेक्षक कोणाला म्हणायचं? बाकावरून उठून बाहेर आलेली राखीव खेळाडू प्रेक्षक नव्हे. ती संघाची आहे, आणि ऑन-डेक बॅटर (पुढच्या पाळीसाठी तयार उभी असलेली) झेलाच्या आड आली तर हिशेब सरळ बॅटिंग करणाऱ्या संघाविरुद्ध जातो. बाहेर बसून संघाच्या रंगाचा टीशर्ट घालून घसा फोडणारी ताई मात्र प्रेक्षकच. तिचा आवाज कितीही त्रासदायक असला, तरी ‘सोड सोड’ असं ओरडणं म्हणजे हस्तक्षेप नव्हे, निदान माझ्या लेखी. झेल घेणाऱ्याने कान आपल्या सोबतिणीकडे ठेवावेत. कुणी बाहेरून ‘टाइम’ ओरडलं म्हणून खेळही थांबत नाही.

ज्याचा हात आत आला त्याचं काय? माझं मत विचाराल तर पंचाने त्याच्याकडे बघूसुद्धा नये. ओरडणं नाही, बोट दाखवणं नाही. लहान पोर असेल तर चेंडू घ्यावा, हसावं, आणि पोराला मोठ्या माणसाकडे द्यावं. मोठा माणूस मुद्दाम करत असेल तर खेळ थांबवून आयोजकांना बोलवावं, ते त्याला हलवतील. तो हलेपर्यंत पुढचा पिच नाही. पंच आणि प्रेक्षक यांच्यात थेट संवाद सुरू झाला की सामना तिथेच बाजूला पडतो.

खरं तर यातलं पुष्कळसं सामन्याआधी टळतं. मी वेळेआधी जाऊन दोन्ही रेघा चालते. दोराला टेकलेल्या खुर्च्या मागे घ्यायला सांगते, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला लावते, दोर जिथे सैल पडलाय तिथे तो ताणून घेते. मग प्लेटजवळ दोन्ही कोचना घेऊन रेघ कुठली, डेड बॉलची हद्द कुठली, झाडाची फांदी आत आहे की बाहेर, हे मोठ्याने ठरवून टाकते. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. टोकियो ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल २१ जुलै २०२१ ला फुकुशिमात सुरू झालं ते रिकाम्या स्टँडपुढे, आणि जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं ती फायनलही तशीच झाली. तिथल्या पंचांना या एका कलमाची तरी काळजी नव्हती. पण तसं मैदान कुणाला हवंय? पळत्या मुलीच्या नावाने ओरडणारी आजी असलेलंच मैदान बरं, तिची खुर्ची चार पावलं मागे घेतली की झालं.

एक प्रश्न मात्र माझा आणि माझ्या नेहमीच्या सोबतीण-पंचाचा अजून मिटलेला नाही. हात आत आला हे नक्की, पण झेल झाला असता का, हे पन्नास-पन्नास. ती म्हणते, आत आलेल्या हाताने शंका निर्माण केली, तेव्हा शंकेचा फायदा फील्डरला, आउट दे. मी म्हणते, फील्डर पोचलेली असावी. पाय चेंडूखाली आणि ग्लव्ह वर. अजून दोन ढांगा बाकी असतील तर तो झेल नव्हता, तो प्रयत्न होता, आणि मग फाउल लाइनबाहेरचा चेंडू नुसता फाउल, बॅटर परत उभी राहील. ती म्हणते, चांगल्या फील्डरच्या दोन ढांगा म्हणजे काहीच नाही. मी म्हणते, मग ती चांगली आहे हे मला आधीच्या इनिंगमध्ये दिसलेलं असायला हवं. यावर ती म्हणते, म्हणजे हळू फील्डरला न्याय कमी? याला माझ्याकडे धड उत्तर नाही, आणि तिलाही ते ठाऊक आहे. सामन्याआधी आम्ही तेवढ्यापुरतं ठरवून टाकतो, की रेघ जिच्याकडे, निर्णय तिचा, आणि दुसरीने हात खालीच ठेवायचे.